रॉक आयलंडचा फिरता पूल : कामावर ठेवावा की उतरवावा?

काठावरून (धागाकर्ता)

मिसिसिपीच्या एका काठावर आयोवातले डेव्हनपोर्ट, दुसऱ्या काठावर इलिनॉयमधले रॉक आयलंड आणि मधे अमेरिकी सैन्याच्या शस्त्रागाराचे बेट, अशी ही जागा आहे. बेटाच्या पश्चिम टोकापासून डेव्हनपोर्टपर्यंत १८९६ साली पूर्ण झालेला दुमजली पोलादी पूल जातो. वरच्या मजल्यावर रेल्वे आणि खालच्या मजल्यावर मोटारींचा रस्ता अशी त्याची मांडणी आहे. सैन्याच्या मालकीचा असल्यामुळे त्याला ‘गव्हर्न्मेंट ब्रिज’ म्हणतात. त्याचा सुमारे ३६५ फूट लांबीचा एक गाळा मधल्या खांबावर तोललेला आहे. बोट आली की तो आडवा फिरतो आणि नदीला वाट करून देतो.

असे पूल आता एकेक करून कमी होत आहेत, म्हणून हा विषय मांडतो आहे. माझे मत असे आहे की हा पूल त्याच जागी आणि त्याच कामावर राहिला पाहिजे. काठावर उभा करून ठेवलेला, न फिरणारा गाळा हे त्याचे जतन नव्हे.

हे मत केवळ जुन्या लोखंडाच्या प्रेमातून आलेले नाही. मिसिसिपीवरचा पहिला रेल्वे पूल याच बेटावरून गेला होता, आजच्या पुलापासून थोडा वरच्या बाजूला. एप्रिल १८५६ मध्ये त्यावरून पहिली गाडी गेली आणि पंधरवडाभरातच, ६ मे रोजी, ‘एफी ॲफ्टन’ नावाची आगबोट त्याच्या खांबावर जाऊन आदळली. बोट पेटली आणि तिच्याबरोबर पुलाचा लाकडी गाळाही जळाला. बोटीच्या मालकांनी पूल कंपनीवर दावा लावला. सप्टेंबर १८५७ मध्ये शिकागोला तो खटला चालला तेव्हा कंपनीच्या वकिलांमध्ये अब्राहम लिंकन होते. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा होता की नदीतून वर-खाली जाणाऱ्याला जेवढा हक्क आहे, तेवढाच ती ओलांडणाऱ्यालाही आहे. त्यांनी ज्युरीपुढे आकडे ठेवले : ८ सप्टेंबर १८५६ ते ८ ऑगस्ट १८५७ या काळात त्या पुलावरून मालाचे १२,५८६ डबे आणि ७४,१७९ प्रवासी गेले होते. शिवाय आदल्या वर्षी नदी जवळजवळ चार महिने जहाजांना बंद होती, हेही त्यांनी दाखवून दिले. गाडीला असा हिवाळा आडवा येत नाही.

फिरता पूल हे त्या भांडणाचे पोलादात उतरलेले उत्तर आहे, असे मला वाटते. नदी आणि रूळ यांपैकी कोणालाही कायमचे थांबवता येत नाही, म्हणून दोघांनी आळीपाळीने थांबायचे. नदीकाठच्या माहिती केंद्राच्या सज्जातून मी हे होताना पाहिले आहे. रस्त्याचे अडसर खाली येतात आणि मोटारींची रांग थबकते. मग तो सबंध दुमजली सांगाडा, वरच्या रुळांसह आणि खालच्या डांबरासह, इतक्या सावकाश हलू लागतो की आधी आपल्याला आपणच सरकतो आहोत असे वाटते. काही वेळाने रुळांची टोके पाण्यावर उघडी पडलेली दिसतात आणि बोट त्यांच्या शेजारून निघून जाते. हे दृश्य मोडीत काढण्याआधी आपण पुरेसा विचार केला आहे का, हे मला विचारायचे आहे.

सांधा-रूळ

धागाकर्त्यांच्या भावनेचा मी आदर करतो, परंतु आयुष्याचा बराच काळ रेल्वे पुलांच्या देखभालीत घालवल्यामुळे मला ही बाजू वेगळी दिसते.

फिरत्या गाळ्याला दोन जन्म असतात. पूल उघडा असताना त्याचे दोन्ही हात मधल्या खांबावरून अधांतरी असतात आणि टोके स्वतःच्या वजनाने किंचित खाली झुकतात. पूल मिटला की त्या टोकांखाली पाचरी सारून ती वर उचलावी लागतात, तेव्हा कुठे तो गाळा तीन ठिकाणी टेकलेल्या तुळईसारखा गाडीचा भार घेऊ शकतो. याचा अर्थ असा की त्याच पट्ट्यांवर आणि त्याच रिव्हेटींवर दर फेरीला कधी ताण तर कधी दाब येतो, आणि वर पुन्हा गाडीचा भार असतोच. पोलादाला या उलटसुलट ओढाताणीने शीण येतो आणि तो वरून दिसत नाही. १८९६ सालच्या गाळ्याने हे किती वेळा सोसले असेल, याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट रुळांच्या टोकांची. गाळा मिटल्यावर त्याचे रूळ आणि स्थिर भागावरचे रूळ एका रेषेत आणि एका उंचीवर आले पाहिजेत. मी ज्या पुलावर काम केले तो दुसऱ्या नदीवरचा आणि लहान होता. एका कडक उन्हाच्या दुपारी त्याचा गाळा उष्णतेने एवढा लांबला की टोक बसेना. आम्ही पाण्याचे पाइप आणून पोलादावर तासभर पाणी मारत होतो, आणि त्या वेळात दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या. थंडीत हेच काम बर्फ आणि घट्ट झालेले वंगण करतात. सज्जातून पाहणाऱ्याला गाळा सावकाश फिरताना दिसतो, परंतु खाली उभ्या असलेल्या माणसाचे लक्ष ते टोक बसते की नाही याच एका गोष्टीकडे लागलेले असते.

आणि हा गाळा अर्धवट फिरून अडकला तर रेल्वे, रस्ता आणि नदी ही तिन्ही एकाच जागी बंद पडतात. एकाच यंत्रावर तीन वाहतुका टांगून ठेवणे आजच्या काळात कोणीही नव्याने मंजूर करणार नाही.

बरगमपूर

प्रवाहाच्या बाजूने बोलणारा कोणी दिसत नाही, म्हणून लिहितो.

मूळ लेखात लिंकन यांचा युक्तिवाद आला, पण निकाल आला नाही. ज्युरीचे एकमत झाले नाही. बहुमत पूल कंपनीच्या बाजूने होते खरे, पण कायद्याने खटला निकालाविना सुटला. पुढच्या वर्षी सेंट लुईसच्या एका आगबोट मालकाने आयोवाच्या संघीय न्यायालयात दाद मागितली, आणि तिथल्या न्यायाधीशांनी पूल हा उपद्रव ठरवून त्याचा आयोवाकडचा भाग काढून टाकण्याचा हुकूम दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर १८६२ च्या सत्रात फिरवला, परंतु त्यात एक मोठे कारण अधिकारक्षेत्राचे होते : बोटींचा मुख्य मार्ग इलिनॉयच्या बाजूला होता आणि आयोवाच्या न्यायालयाची सत्ता नदीच्या मध्यापर्यंतच पोहोचत होती. असे हुकूम मान्य केले तर मिसिसिपीवर कुठेच कायदेशीर पूल बांधता येणार नाही, असेही न्यायालयाने म्हटले. त्यामुळे ‘लिंकन जिंकले आणि पूल उभे राहिले’ ही जी गोष्ट सांगितली जाते, तिच्यात आगबोटवाल्यांची तक्रार खरी होती की खोटी, हा प्रश्न मागे पडतो.

माझ्या मते ती तक्रार पुष्कळ अंशी खरी होती. ही जागा खडकाळ वेगवान पट्ट्याच्या खालच्या टोकाशी होती आणि पुलाचे खांब ओघाशी सरळ रेषेत नव्हते, त्यामुळे त्यांच्या भोवती आडव्या धारा आणि भोवरे तयार होत. एफी ॲफ्टनचे उजवे चाक बंद पडले होते, यावर पूल कंपनीचा सगळा भर होता. पण एक चाक बंद पडताच बोट थेट खांबावर जावी, अशा जागी खांब कोणी उभा केला, हे विचारण्याचा हक्क कप्तानाला नव्हता का?

फिरत्या पुलाचा मूळ दोष हाच आहे. त्याला फिरण्यासाठी खांब लागतो आणि तो नेमका नौमार्गाच्या मधोमध उभा राहतो. आजचा मालवाहू ताफा म्हणजे तीन रांगांत बांधलेले पंधरा बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालनौका : रुंदी १०५ फूट, लांबी बोटीसह हजार फुटांहून अधिक. असा ताफा ओघाबरोबर खाली येत असताना त्याला ब्रेक नसतो. याच नदीवर बर्लिंग्टनच्या रेल्वे पुलाचा जुना फिरता गाळा २०११ मध्ये काढून तिथे सरळ वर उचलला जाणारा गाळा बसवला गेला, तो नौमार्ग रुंद व्हावा म्हणूनच. नौकानयनाला अडसर ठरणाऱ्या पुलांच्या बदलात केंद्र सरकारने वाटा उचलावा यासाठी १९४० पासून कायदा आहे. बर्लिंग्टनला जे योग्य ठरले, ते रॉक आयलंडला का ठरू नये?

काठावरून (धागाकर्ता)

निकालाबाबतची दुरुस्ती मला मान्य आहे. ज्युरीत फूट पडली हे मी लिहायला हवे होते, कारण ते गाळल्यामुळे माझ्या लेखात एका बाजूचा विजय झाल्यासारखे चित्र उभे राहिले.

मात्र बर्लिंग्टनची तुलना इथे लागू पडत नाही, आणि माझ्या दृष्टीने सबंध चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. १९३४ मध्ये या जागी पंधरा क्रमांकाचे धरण आणि जलपाश सुरू झाले. जलपाश म्हणजे दारे असलेली ती पाण्याची खोली, जिच्यात बोट एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उचलली किंवा उतरवली जाते. हे जलपाश या फिरत्या गाळ्याच्या खालीच आहेत, आणि गाळ्याचा मधला खांब दोन जलपाशांमधल्या भिंतीत सामावलेला आहे. म्हणजे बोटीला जो मार्ग मिळतो त्याची रुंदी आज पूल ठरवत नाही, जलपाश ठरवतो, आणि मुख्य जलपाशाची रुंदी ११० फूट आहे. उद्या पूल नाहीसा झाला तरी १०५ फुटांच्या ताफ्याला त्या ११० फुटांतूनच जावे लागेल. बर्लिंग्टनला खांब वाहत्या नदीत उभा होता. इथे तो भिंतीचा भाग आहे. १८५६ मध्ये कप्तानांना ज्या खांबाची भीती होती, त्याच कामाचा खांब आज बोटीला बाजूने आधार देणाऱ्या भिंतीत उभा आहे. पूल हलवून हे कोणी साधलेले नाही, नदीच बदलली.

मुख्य जलपाशाची लांबी ६०० फूट असल्यामुळे पंधरा बार्जचा ताफा सोडवून दोन खेपांत न्यावा लागतो. त्या कामाला जो वेळ लागतो, त्याच्यापुढे पूल फिरण्याचा वेळ फारच थोडा आहे. नौकानयनाचा खोळंबा खरोखर कमी करायचा असेल तर पैसा जलपाशाच्या लांबीवर खर्च व्हावा.

बरगमपूर

हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. खांब भिंतीत असेल तर रुंदीबाबतचा माझा आक्षेप या पुलापुरता मी मागे घेतो. १८५६ च्या पुलाबद्दलचे मत मात्र कायम आहे. आगबोटवाले प्रगतीचे शत्रू होते असे सांगणारे लेखन मी पुष्कळ वाचले आहे आणि ते अन्यायाचे आहे. पाण्याची धार वाचणे हा त्यांचा धंदा होता.

सांधा-रूळ

मी काहीही मागे घेत नाही. माझा आक्षेप रुंदीचा नव्हताच, वयाचा आणि एकाच यंत्रावरच्या भाराचा होता. जलपाशामुळे पोलादाचा शीण कमी होत नाही.

शिवाय ‘त्याच कामावर’ या शब्दांचा अर्थ स्पष्ट व्हायला हवा. पाचरी, गाळा फिरवणाऱ्या विजेच्या मोटर, दातेरी चाके, खालची रुळे हे सगळे काळाच्या ओघात बदलत जाते. खांबसुद्धा १८९६ चे नाहीत; ते याआधी इथे असलेल्या, १८७२ सालच्या पुलाचे आहेत, आणि त्यांच्यावर नवा सांगाडा चढवला गेला. म्हणजे ज्यांनी हा पूल बांधला त्यांनी स्वतः जुन्याचा आदर म्हणून काही तसेच ठेवले नाही. जे भक्कम होते ते घेतले आणि जे अपुरे होते ते उतरवले. आपणही तेच करावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

वर्तुळपाद

सांधा-रूळ यांनी हा सांगाडा कोणी चढवला हे लिहिलेले नाही आणि मला त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तो राल्फ मॉड्जेस्की यांचा. १८६१ मध्ये पोलंडच्या भूमीवर जन्मलेला, आई हेलेना मॉड्जेस्का ही त्या काळची नामांकित अभिनेत्री, आणि स्वतः पियानोवर हात चांगला असलेला हा माणूस अभियंता झाला. मुख्य अभियंता म्हणून त्याचे पहिले मोठे काम म्हणजे हा पूल. पुढे त्याने फिलाडेल्फियाजवळ डेलावेअर नदीवर १९२६ साली पूर्ण झालेला मोठा झुलता पूल उभारला. ज्याच्या हातून एवढे मोठे पूल झाले, त्याच्या हाताचे पहिले वळण इथे दिसते, हे मी पूल राखण्याचे पुरेसे कारण मानतो.

हा गाळा पूर्ण ३६० अंश फिरू शकतो, हेही नोंदवण्यासारखे आहे. बहुतेक फिरते पूल नव्वद अंशांत थांबतात आणि त्याच वाटेने परततात. दुसऱ्या बाजूने, फोर्ट मॅडिसन येथे १९२७ मध्ये पूर्ण झालेला ५२५ फुटी फिरता गाळा याच नदीवर आहे, दुमजली आहे, आणि त्यावरून देशातल्या अत्यंत वर्दळीच्या रेल्वेमार्गांपैकी एक जातो. म्हणजे फिरता पूल वर्दळ झेपवू शकत नाही, हे मत प्रत्यक्षाला धरून नाही.

सांधा-रूळ

फोर्ट मॅडिसनचा दाखला माझ्याच बाजूने जातो. तो पूल एकतीस वर्षांनी तरुण आहे, दुहेरी मार्गाच्या अवजड गाड्यांसाठीच बांधलेला आहे, आणि त्या मार्गावर एवढे उत्पन्न आहे की देखभालीवर खर्च करणे रेल्वेला परवडते. पूल जगतो तो त्यावरच्या वाहतुकीच्या जोरावर. या पुलावरून गाड्या नेणारी रॉक आयलंड रेल्वे १९८० मध्येच बंद पडली. आज या पुलावरून प्रादेशिक रेल्वेची मालवाहतूक चालते आणि खाली शस्त्रागाराकडे जाणाऱ्या मोटारी असतात. मॉड्जेस्कींच्या कर्तृत्वाबद्दल दुमत नाही, पण पाचर त्यांच्या नावाने बसत नाही; ती बसवायला रोज माणूस लागतो.

काठावरून (धागाकर्ता)

मग पर्याय काय, हे स्पष्टपणे बोलावे. उंच, स्थिर पूल बांधायचा म्हटले तर रेल्वेला चढ सोसत नाही. शंभर फुटांत एक फूट हाच मालगाडीसाठी जड चढ मानला जातो. त्या हिशेबाने रूळ पन्नास फूट उचलायचे तर प्रत्येक बाजूला पाच हजार फूट, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर लांबीचा चढाचा मार्ग लागेल. एका बाजूला डेव्हनपोर्टचा नदीकाठ आणि दुसऱ्या बाजूला शस्त्रागाराचे बेट, एवढी जागा मोकळी नाही. मोटारींना हा अडथळा नाही, आणि त्यांच्यासाठी १९४० चा सेंटेनियल पूल खालच्या अंगाला उभाच आहे. बोट आली म्हणून थांबायचे नसेल त्याने त्या वाटेने जावे. रेल्वेसाठी मात्र इथे हलता पूलच लागणार. तो फिरता असो की उचलता, यंत्र आले, पाचर आली आणि माणूसही आला.

म्हणून मी माझी मागणी आता नेमक्या शब्दांत मांडतो. प्रत्येक पट्टी तीच राहावी असा माझा हट्ट नाही. शिणलेल्या पट्ट्या बदलाव्यात, गरज पडली तर गाळ्याचा सांगाडासुद्धा नव्याने घडवावा. पण तो त्याच खांबावर, त्याच भिंतीवर, आडवा फिरणारा असावा.

सांधा-रूळ

तसे असेल तर आपल्यातला वाद बराच आकसला. सांगाडा नवा घडवायला तुम्ही तयार असाल तर मी फिरत्या रचनेला विरोध करणार नाही. जलपाशाच्या भिंतीत खांब तयार असताना दुसरी रचना शोधण्यात हशील नाही, हे मला पटते. फक्त दोन अटी घालेन. टोकांच्या पाचरी आणि रुळांचे सांधे आजच्या पद्धतीचे असावेत, आणि गाळा अडकला तर तो हाताने फिरवता येईल अशी जुनी सोय काढून टाकू नये. ज्या दुपारी आम्ही पाणी मारत होतो, त्या दुपारी टोक शेवटी बसले ते चार माणसांनी दांडा धरून गाळा बोटभर मागे घेतला आणि पुन्हा सारला तेव्हा.

बरगमपूर

आणि बोटीच्या शिट्टीला आधी उत्तर मिळावे, गाडीच्या नव्हे, ही तिसरी अट माझी समजावी. गाडी थांबू शकते; ओघाबरोबर येणारा ताफा थांबू शकत नाही.

काठावरून (धागाकर्ता)

तिन्ही अटी मान्य आहेत. तिसरी तर नियमातही आहे.